चाळीस खुर्च्यांची काळजी

बांग मालसुनबाईंना खुर्च्या मोजायची सवय नव्हती. त्यांना सवय होती जोडे मोजायची.

मोकपोच्या बंदरामागे एक इस्पितळ आहे. त्याच्या तळमजल्यावरच्या शोकगृहात त्या बावीस वर्षं वाढपाचं काम करत होत्या. मयताचे तीन दिवस माणसं येत राहतात, फोटोपुढे दोनदा वाकतात, घरच्यांशी चार शब्द बोलतात आणि मग मांडी घालून तिखट लाल रस्सा-भात जेवतात. दाराशी काढलेले जोडे पाहूनच मालसुनबाई स्वयंपाकघरात ओरडायच्या, "सत्तावीस वाडगे! आणि आंबवलेल्या पाकट माशाची दोन ताटं जास्त काढा, बोटीवरची मंडळी आलीत." कशावरून, तर टाचांवरून. बोटीवरचा माणूस जोडा नेहमी टाच चेपून घालतो. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

पण पुस्तकाच्या दुकानात जोडे काढत नाहीत. तिथं खुर्च्या असतात, आणि त्या आधीच मांडून ठेवतात.

"चाळीस मांडणार आहेत," फोनवर दासोम म्हणाली. दासोम म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. वय चौतीस, मुक्काम सोल, धंदा कादंबऱ्या लिहिण्याचा. तिच्या नव्या कादंबरीचा पहिला कार्यक्रम खास तिच्या गावात, मोकपोत ठेवला होता. लेखिकेनं बोलायचं, थोडं वाचायचं, लोकांनी प्रश्न विचारायचे.

"आणि नावं किती जणांनी नोंदवली?"

"सहा."

"सहा?"

"सहा, आई."

"तुला धरून?"

"मला धरून सात."

मालसुनबाईंनी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. मागच्या पुस्तकाच्या वेळी सोलमध्ये चार माणसं आली होती, त्यातला एक स्वच्छतागृह शोधत आत शिरला होता आणि भिडस्त स्वभावामुळे शेवटपर्यंत बसून राहिला होता. हे दासोमनंच त्यांना हसत हसत सांगितलं होतं. या वेळी ती हसत नव्हती.

"या वेळीही तसंच झालं ना, तर सोमवारी मी मावसबहिणीच्या शिकवणीवर्गाचा करार करून टाकणार. दुपारी एक ते रात्री दहा. मग लिहिणं बंद. ठरवलंय मी."

खरं म्हणजे मालसुनबाईंनी आनंदानं उडी मारायला हवी होती. पोरीला कायमची नोकरी लागावी म्हणून गेली दहा वर्षं त्यांनी तिला फोनवर भंडावून सोडलं होतं. जेवतेस का, वजन किती, मफलर घातलास का, आणि नोकरीचं काय, हे चार प्रश्न त्या एका दमात विचारायच्या. पण आज त्यांचं लक्ष त्या आवाजाकडेच होतं. हा आवाज त्यांनी आधी एकदाच ऐकला होता.

तीन वर्षांपूर्वी, साथीच्या दिवसांत, दासोमचे वडील गेले. सोन पानगिल, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे. मालसुनबाईंच्याच शोकगृहात, तीन नंबरच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं. मालसुनबाईंनी सवयीनं शंभर जणांचा रस्सा सांगून टाकला. पण नियम कडक होते, माणसं घाबरलेली होती. तीन दिवसांत अकरा जण आले, तोंड बांधून वाकले आणि पाण्याचा घोटही न घेता गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दासोम काळ्या कपड्यांत भिंतीला टेकून म्हणाली होती, "आई, कोणी येणार नाही. पातेलं परत पाठव." तोच हा आवाज.

कादंबरीही त्यावरच होती. तिचं नाव 'चौथ्या दिवसाची सकाळ'. मुखपृष्ठाच्या मागे छापलं होतं, दुःखाची आणि दुःखातून सावरण्याची गोष्ट. मालसुनबाईंनी ते वाचून विचारलं होतं, "सावरणं कसलं डोंबलाचं? चौथ्या दिवशी मी कामावर गेले होते."

"तेच लिहिलंय," दासोम म्हणाली होती.

तर चाळीस खुर्च्या. शुक्रवारी संध्याकाळी मालसुनबाई काम आटोपून घरी आल्या, खालून तापवलेल्या फरशीवर पाय पसरून बसल्या आणि मोबाइल हातात घेतला. ओळखीच्या सगळ्यांना एकदम निरोप धाडायचा असं त्यांनी ठरवलं. असा निरोप त्यांनी आयुष्यात एकदाच पाठवला होता, पानगिल गेले तेव्हाचा. तो मोबाइलमध्ये तसाच होता. नवीन मजकूर कुठून सुरू करायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी जुनाच उघडला आणि त्यात बदल करायला घेतले.

आधी नवऱ्याचं नाव पुसलं. एका एका अक्षराला त्यांना बराच वेळ लागला, आणि पुसून झाल्यावर त्या रिकाम्या जागी दुसरं काही लिहावंसं वाटेना. ती जागा त्यांनी तशीच ठेवली. 'कन्या सोन दासोम' ही ओळ त्यांना पाहिजेच होती, ती राहू दिली. स्थळाच्या पुढे पुस्तकाच्या दुकानाचा पत्ता घातला. वार शनिवार, वेळ तीन. खाली 'प्रस्थान' असा शब्द होता. शोकगृहात ती शवपेटी निघायची वेळ असते; इथं माणसं घरी निघतील, असं म्हणून त्यांनी तिथं 'सायंकाळी पाच' लिहिलं. डोळ्यांसाठी अक्षरं एवढी मोठी केलेली होती की पडद्यावर एका वेळी तीनच ओळी मावायच्या. सगळ्यात वर 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' असं होतं आणि सगळ्यात खाली 'या दुःखद प्रसंगी आपली उपस्थिती हाच आधार'. दोन्ही टोकं त्यांच्या नजरेला पडलीच नाहीत.

दासोम सोडून एकशे चौदा जणांना निरोप गेला. मग त्यांना आठवलं, की कार्यक्रमात मोबाइल वाजता कामा नये असं दासोमनं बजावलं होतं. उद्या विसरायला नको म्हणून त्यांनी तो तेव्हाच बंद केला, कपाटात ठेवला आणि निवांत झोपल्या.

शनिवारी पावणेतीनला दुकानात सात जण होते, त्यात एक दुकानाचे मालक म्योंग. गळ्यात लोकरी मफलर, आवाज हळू, माणूस भला. ते पुन्हा पुन्हा खुर्च्या सरळ करत होते. पुढच्या रांगेत कॉलेजातल्या दोन मुली वह्या उघडून बसल्या होत्या. दासोम आतल्या खोलीत भाषणाची चार पानं घेऊन येरझाऱ्या घालत होती. मालसुनबाई हिरवा रेशमी सदरा घालून दारात उभ्या होत्या. शोकगृहात त्या बावीस वर्षं जशा उभ्या राहत तशाच, हात पोटावर बांधून.

"येतील हो," म्योंग म्हणाले. "शनिवारी माणसं उशिराच येतात."

"तुम्ही नका मला धीर देऊ," मालसुनबाई म्हणाल्या. "मी दिवसभर दुसऱ्यांना तोच देत असते."

तेवढ्यात कोपऱ्यावरून कप्तान बे येताना दिसले. पानगिलचे तीस वर्षांचे दोस्त, दोन बोटींचे धनी. अंगात काळा कोट, गळ्यात काळा टाय, हातात पांढरं शेवंतीचं फूल. मान खाली घालून चालत होते. मालसुनबाईंना वाटलं, दासोमसाठी केवढे नटून आलेत! त्या लगबगीनं पुढे झाल्या.

"या कप्तान, या. पहिला मान तुमचा."

कप्ताननं मान वर केली. त्यांचा चेहरा मीठ लावलेल्या बांगड्यासारखा पांढराफटक पडला. ते दोन पावलं मागे सरले आणि पाठीमागच्या सायकलवर धाडकन बसले.

"वहिनी?"

"काय झालं?"

"वहिनी, तुम्ही... तुम्ही वारलात ना?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच!" कप्तान ओरडले. "काल रात्री! तुमच्याच नंबरवरून!" त्यांनी मोबाइल काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. कप्तानचे डोळे चांगले होते, त्यामुळे त्यांच्या पडद्यावर सगळा मजकूर एकदम दिसत होता. मालसुनबाईंनी तो वरपासून खालपर्यंत पहिल्यांदाच वाचला. दुःखद निधन. गेलेल्याचं नाव नाही. शोक करणारी एकच, कन्या सोन दासोम. वडील तर तीन वर्षांपूर्वीच गेलेले. मग राहिलं कोण?

आणि आजकाल मुलं आईबापांच्याच मोबाइलवरून वार्ता धाडतात, कारण सगळे नंबर त्यातच असतात. निरोप मालसुनबाईंच्या फोनवरून आला होता याचं कोणालाही नवल वाटलं नव्हतं.

"अहो, मग उलटा फोन करायचा की नाही?"

"केला ना! रात्रीपासून बंद! अख्खं बंदर फोन लावतंय तुम्हाला!"

कोपऱ्यावरून आता काळे कपडे येऊ लागले होते. एक, तीन, आठ. मासळीबाजारातली मंडळी, जुने शेजारी, इंजिनच्या सुट्या भागांचा दुकानदार, देवळातल्या बायका. प्रत्येक जण दारात आला की आधी दचकत होता, मग कप्तान त्याला सायकलवर बसल्या बसल्या समजावून सांगत होते, आणि मग तो माणूस मालसुनबाईंकडे बघून हसायचं की रागवायचं याचा विचार करत होता. कोणी दोन्ही केलं. एका बाईनं त्यांना मिठी मारली, मग पाठीत धपाटा घातला. "मी हेनामहून दोन गाड्या बदलून आलेय! रस्ताभर रडले! शेजारच्या माणसानं मला रुमाल दिला, तो परत करायचा राहिला!"

सर्वांत शेवटी जोमरेताई आली. मालसुनबाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठी, त्याच शोकगृहात वाढपी. तिच्यामागे कामावरच्या आणखी दोघी, तिघींच्या कमरेला एप्रन, आणि हातगाडीवर साठ जणांचा रस्सा, भाताचा डबा, कोबीची तिखट किमची आणि आंबवलेलं पाकट. डोळे सुजलेले. मालसुनबाईंना बघून तिनं किंकाळी फोडली नाही. तिनं हातगाडीचा दांडा सोडला आणि कंबरेवर हात ठेवले.

"तू जिवंत आहेस."

"हो गं ताई."

"मी रात्रभर शिव्या घातल्या तुझ्या पोरीला. बावीस वर्षं जिथं राबली तिथं हिला खोली मिळाली नाही का, म्हणून. लेखिका आहे म्हणून आईला पुस्तकांच्या दुकानात ठेवलं म्हटलं! आणि वर तुझ्या मयताला माझ्या हातचा रस्सा नाही असं कसं होईल, म्हणून पहाटे उठून हे सगळं शिजवलं."

"चूक झाली."

"चूक? मालसुन, मेल्याची बातमी ही चूक असते का?"

हा सगळा गलका ऐकून दासोम बाहेर आली. समोर पन्नासेक माणसं काळ्या कपड्यांत उभी, हातांत पांढरी फुलं, दुखवट्याच्या पैशांची पांढरी पाकिटं. कप्ताननं तिलाही मोबाइल दाखवला. दासोमनं वाचलं. एकदा, पुन्हा एकदा. गेलेल्याच्या नावाच्या रिकाम्या जागेपाशी तिचं बोट थांबलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू माणसांना फसवून आणलंस."

मालसुनबाईंना खुलासा करायचा होता. पण लेक म्हणाली ते कितपत खरं होतं, त्यांचं त्यांनाच कळेना. मुद्दाम नाही केलं हे खरं. पण सहा माणसांपेक्षा हे बरं, असं दारात उभं असताना एक क्षण त्यांच्या मनात आलं होतं, हेही खरं. चाळीस खुर्च्या भरल्या तर पोरगी वाचणार होती. पण फसवून भरलेल्या खुर्च्या मोजायच्या कशा?

त्या दुकानाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि कमरेतून पूर्ण वाकल्या.

"मंडळी, मी मेलेली नाही. माफ करा. माझ्या लेकीच्या पुस्तकाचा कार्यक्रम आहे, त्याचं बोलावणं धाडायचं होतं, ते असं झालं. तुमचा शनिवार गेला. पाकिटं आतच ठेवा. ज्यांना परत जायचंय त्यांनी जावं, मी वाईट वाटून घेणार नाही." मग त्यांना राहवेना. "थोडं घेईन."

कोणीच हललं नाही. जावं की राहावं, सगळे एकमेकांकडे बघू लागले. पुस्तकाच्या कार्यक्रमाला जायची सवय त्यांच्यातल्या कोणालाच नव्हती. दासोम खाली बघत होती. हेनामच्या बाईनं पर्स खांद्यावर घेतली.

"जाणार कुठं?" जोमरेताईचा आवाज आला. तिनं पातेल्याचं झाकण उघडलं होतं. "दुखवट्याला आलेला माणूस न जेवता परत गेलेला पाहिलाय का कोणी?"

हे मात्र सगळ्यांना पटलं. हेनामच्या बाईनं पर्स खाली ठेवली.

म्योंगसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुस्तकं, आणि त्यांच्यामध्ये साठ वाडगे लाल तिखट रस्सा! ते धावत जाऊन मफलरनं कवितांचं कपाट झाकू लागले. "नवी आवृत्ती आहे हो, डाग पडला तर..." जोमरेताईनं त्यांच्याही हातात वाडगा दिला. "आधी जेवा. किती वाळलाय तुम्ही." कॉलेजातल्या मुलींपैकी एक दुसरीला म्हणाली, "प्रकाशकानं काय मस्त कल्पना काढलीय ना? पुस्तकात असंच आहे," आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. पाकटाचा वास नाकात गेला तशी दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

अशा रीतीनं कार्यक्रम तीन वाजून पस्तीस मिनिटांनी सुरू झाला. चाळीस खुर्च्यांवर चाळीस माणसं, उरलेली कपाटांना टेकून जमिनीवर. म्योंगसाहेबांनी तोंड पुसून ठरलेला पहिला प्रश्न विचारला.

"दुःखातून माणूस बरा कसा होतो?"

"किमची इकडे सरकवा," मागून कोणीतरी म्हणालं.

"पोरी, जरा मोठ्यानं बोल, वाडगे वाजतायत!"

दासोमनं चार पानांकडे बघितलं. मग ती पानं घडी करून मांडीखाली ठेवली. "बरा कसा होतो ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी पातेल्याबद्दल लिहिलंय. तेवढं वाचते."

आणि तिनं वाचलं. शंभर जणांचा रस्सा. पहिल्या दिवशी वाफा, दुसऱ्या दिवशी वर साचलेलं लाल तेल. आई दर तासाला जाऊन ढवळून येते, जणू आत्ताच कोणी येईल. तिसऱ्या दिवशी आई एकटीच एक वाडगा भरून घेते, उभ्यानंच खाते, आणि म्हणते, मीठ बरोबर होतं.

मालसुनबाईंनी पुस्तकाची अकराच पानं वाचली होती. हे पान त्यापुढचं होतं. आपण असं म्हणाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण मीठ बरोबर होतं, हे आठवत होतं.

चमचे थांबले होते. कप्तान बे घसा खाकरून उभे राहिले.

"मी आलो होतो," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी. बाहेर गाड्या लावतात तिथं दोन तास बसून होतो. मला खोकला होता. वहिनींना आणखी आजारी कशाला पाडा, म्हणून तसाच परत गेलो. तीन वर्षं मी तुमच्या गल्लीतून जात नाही, वहिनी. मागच्या रस्त्यानं जातो."

"तरीच!" मालसुनबाई म्हणाल्या. "मला वाटलं, त्यांच्याकडे तुमचा पाना राहिला होता म्हणून रागावलात."

"पाना पण राहिलाय."

यावर जे हसू फुटलं, त्यानंतर कोणालाच कोणी थांबवू शकलं नाही. दुखवट्याला जेवताना माणसं गेलेल्याबद्दल बोलतात, तशी ती बोलायला लागली. सुट्या भागांचा दुकानदार म्हणाला, पानगिलनं एकदा माझा पंप दुरुस्त केला आणि पाच स्क्रू उरले म्हणून परत आणून दिले. म्हणाला, कारखान्यानं जास्तीचे घातले होते. आणि पंप अजून चालतोय! देवळातली एक आजी म्हणाली, माझ्या पंख्यात जहाजाची मोटर बसवली होती त्यानं, लावला की सुकत घातलेले कपडे शेजारच्या अंगणात जायचे. कोणी काय, कोणी काय. म्योंगसाहेबांनी लिहून आणलेले प्रश्न मागेच पडले.

दासोमनं मांडीखालची चार पानं कधीच काढली होती. ती त्यांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहीत होती. "थांबा, थांबा, पंखा कोणत्या वर्षी?" असं मध्येच विचारत होती. हसताना तिचे डोळे बापासारखेच बारीक होत होते.

मालसुनबाई सवयीनं उभ्याच होत्या. वाडगा रिकामा दिसला की उचलत होत्या, कोणाला पाणी देत होत्या. शेवटी जोमरेताईनं त्यांच्या खांद्यावर हात दाबून त्यांना खाली बसवलं. "बस गं बाई. आज मयत तुझं आहे. मयतानं वाढायचं नसतं."

"पण खुर्ची?"

"माझी घे. मी बघते."

पाच वाजायला आले. पाकिटं आतच ठेवायचं कोणीही ऐकलं नव्हतं; म्योंगसाहेबांच्या गल्ल्यापाशी जाऊन लोक पाकिटाच्या बदल्यात पुस्तक मागत होते आणि पुस्तकं संपली तेव्हा नावं लिहून देत होते. हेनामच्या बाईनं विचारलं, यातली बाई नवऱ्याला सोडून जाते का शेवटी? नाही म्हटल्यावर तिचा थोडा हिरमोड झाला, पण पुस्तक घेतलंच तिनं.

"शेवटचा प्रश्न," म्योंगसाहेब म्हणाले. "कोणाला काही...?"

मागच्या बाजूला वाडगे एकात एक रचता रचता जोमरेताईनं हात वर केला. हातात पळी होती.

"पुढचं पुस्तक कशावर आहे?"

हा प्रश्न त्यांनी स्वतः कधीच विचारला नसता. सोमवार परवावर आला होता. त्यांनी खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली.

दासोमनं लिहिलेल्या पानांकडे बघितलं. पाठपोट भरली होती, कडेलाही आडवं लिहिलं होतं.

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण कार्यक्रम संपला की टाळ्या वाजवतात एवढं त्यांना माहीत होतं. खुर्च्या सरकल्या, कोट चढवले गेले. जोमरेताई वाकून मालसुनबाईंच्या कानाशी आली.

"ऐकलंस ना? अजून, म्हणाली."

"ऐकलं," मालसुनबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच, समोर माणसं उभी असताना त्या वाढायला उठल्या नाहीत.